आधी पाय तपासा, मग गादी घ्या
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज मी पायावर बोलणार आहे. हसू नका. उत्पादन खर्चाचा तक्ता तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. त्यात बियाणं आहे, खत आहे, बैलजोडीचा रोज आहे, अवजारांचा घसारा आहे. घरच्या माणसाची मजुरीही धरतात. पण वखराच्या पासेचा घसारा धरणाऱ्या त्या तक्त्यात माणसाच्या पायाचा घसारा कुठे आहे? धसकटांतून आणि पराटीच्या खुंटांतून आयुष्यभर चाललेला पाय निकामी झाला, तर त्याची भरपाई कोण देतो?

बैलाला नाल मारताना नालबंद खूर पाहतो, तासतो, मापाची पत्री बसवतो. खूर दुभंगलेला, म्हणून एका खुराला दोन पत्र्या. आपण स्वतःला मात्र ‘आठ नंबर द्या’ म्हणून दुकानातून उठतो.

आता शहरात पायाच्या मापाची गादी मिळते. डॉक्टर तिला ऑर्थोटिक म्हणतात. पायाचा साचा घेऊन बनवलेला हा तळ बुटात किंवा चपलेत बसवतात. पायावरचा भार एका जागी न पडता सगळ्या तळव्यावर वाटला जावा, एवढंच तिचं काम. चांगली वस्तू आहे. पण तिच्यासाठी काही हजार रुपये मोजावे लागतात, आणि प्रदर्शनात यंत्रावर उभं करून, रंगीत चित्र दाखवून ती कोणाच्याही गळ्यात मारणारेही आहेत. माती परीक्षण न करता खताची मात्रा सांगणाऱ्या दुकानदाराला आपण ओळखतो. हा त्याचाच भाऊ.

म्हणून आधी परीक्षण. पाय तीन प्रकारचे समजा.

पहिला, सपाट पण न दुखणारा पाय. ओला पाय फरशीवर ठेवला आणि पूर्ण तळवा उमटला, तर घाबरू नका. दुखत नसेल, चालता येत असेल, तर नुसत्या सपाटपणासाठी मापाच्या गादीची गरज नाही.

दुसरा, दुखणारा पाय. सकाळी अंथरुणावरून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत कळ येते. चार पावलं चाललं की कमी होते. ऑस्ट्रेलियात अशा १३५ लोकांवर झालेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. काहींना मापाची गादी दिली, काहींना तयार गादी, काहींना नावापुरती पातळ गादी. तीन महिन्यांनी पहिल्या दोघांना थोडा फायदा दिसला, वर्षाने तिघांत फरक उरला नाही. मापाची आणि तयार यांत तर फारसा फरक नव्हताच. तेव्हा आधी जाड, मऊ टाचेचं पायताण घ्या, भिंतीला हात टेकून पोटरीला रोज ताण द्या, आणि गादी घ्यायचीच तर तयार, स्वस्त घ्या. काही महिन्यांत फरक पडला नाही, तर डॉक्टरला दाखवा.

तिसरा पाय दुखत नाही, आणि तोच सगळ्यांत धोक्याचा. शुगर असलेल्याचा किंवा कुष्ठरोग झालेल्याचा बधिर पाय. काटा रुततो, कळत नाही. खिळा टोचतो, कळत नाही. त्यावरच दिवसभर चालणं होतं. जखम चिघळते आणि शेवटी पाय कापावा लागतो. वेल्लोरला १९४६ साली आलेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांचे पाय तपासून दाखवलं की पाय रोगाने आपोआप झडत नाही. वेदना कळत नाही म्हणून तो झिजतो आणि जखमी होतो. हाच धडा पुढे शुगरच्या पायाला लागू झाला. या पायाला मऊ मायक्रोसेल्युलर रबराचा तळ लागतो, बाहेरून काटा आत न येणारा टणक तळ लागतो, आणि मागे टाचेला पट्टा लागतो, कारण बधिर बोटांना चप्पल धरून ठेवता येत नाही. त्यात खिळा एकही नको. सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमातून बधिर पायाच्या रुग्णांना अशी चप्पल मोफत मिळते. आरोग्य केंद्रात हक्काने मागा. पायाला आधी जखम होऊन गेली असेल किंवा पायाचा आकार बदलला असेल, तर मात्र मापाची गादी हवीच. तिथे पैसे वाचवू नका.

पाय बधिर आहे का, हे घरीच पाहता येतं. माणसाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकाला आपल्या बोटाने हलकेच एक-दोन सेकंद स्पर्श करा. दाबू नका. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत, तर पाय धोक्यात आहे. लगेच डॉक्टर गाठा.

मापाची गादी घेताना साचा दोन्ही पायांचा वेगवेगळा घ्यायला लावा. ती ज्या बुटात घालणार तो बूट सोबत न्या. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. बनवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारा. आणि नीट बसली नाही तर दुरुस्त करून देणार का, हे पैसे देण्याआधी ठरवा.

नवी गादी पहिल्या दिवशी तासभरच वापरा, मग रोज थोडं वाढवा. काढल्यावर तळवा पाहा. लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर परत दाखवा. दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा, नाहीतर घरच्यांना पाहायला सांगा. घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, काटा तपासा. काळ्या मातीच्या चिखलात ही गादी नेऊ नका, आणि भिजली तर सावलीत वाळवा, चुलीजवळ नको. अंगठ्याने दाबलेला तळ वर उसळत नसेल, तर तो बदलण्याची वेळ झाली.

मायबहिणींनो, वेचणीला तुम्ही अनवाणी जाता. घरात पहिलं पायताण कर्त्या पुरुषाला, उरलं तर बाईला, हा हिशेब मोडा. ओझं घेऊन शेतातून सगळ्यात जास्त चालणारा पाय तुमचा आहे.

आज रात्री घरी गेलात की शुगर असलेल्या प्रत्येकाचे सहा स्पर्श तपासा. ज्यांचे दोन चुकतील, त्यांची यादी करून पुढच्या बैठकीला घेऊन या. आपण सगळे मिळून त्यांना जिल्हा रुग्णालयात घेऊन जाऊ.