मेहेरबानी नको, कागद हवा
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



'नोकरी आणि आजारपण' यावर दहा मिनिटं बोल, असं संयोजकांनी सांगितलं. माझं आजारपण तुम्हाला नवं नाही. मला फिट येतात. कुणी मिरगी म्हणतं, कुणी फेफरं. डॉक्टर अपस्मार किंवा एपिलेप्सी म्हणतात. नववीत प्रार्थनेच्या रांगेत मी पडले, तेव्हा कुणी कांदा आणायला धावलं, कुणी नाकाला चप्पल लावली. चप्पल कुणाची होती, ते आज विचारत नाही!

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे 5 कोटी लोकांना हा आजार आहे. योग्य औषधोपचार मिळाले तर त्यांतल्या 70 टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट थांबू शकतात. मी उरलेल्यांतली. परळच्या केईएमचा केसपेपर जपून ठेवलाय, गोळ्या वेळेवर घेते, तरी वर्षातून एखादी फिट येतेच. आणि ती बहुतेक वेळा झोप मोडली की येते.

पहिल्या नोकरीत मी अकाउंट्सला होते. मार्चअखेरीला लागोपाठ तीन रात्री जागल्यावर टेबलावरच फिट आली. आठवड्याने साहेबांनी बोलावलं आणि तुमच्याच काळजीपोटी सांगतो म्हणत राजीनामा मागितला. माझ्या कामात एक रुपयाची चूक नव्हती. 1982 च्या संपानंतर वडिलांची गिरणी पुन्हा सुरू झाली नव्हती. लालबागच्या आमच्या खोलीत येणारा नियमित पगार तेवढा एकच होता.

त्या दिवसांत वडिलांनी मला त्यांच्या गिरणीतली गोष्ट सांगितली. त्यांच्या खात्यातल्या एका कामगाराला फिट यायच्या. जॉबरने त्याला मशीनवरून काढून घडी खात्यात बसवलं, रातपाळी बंद केली. माणूस कितीतरी वर्षं नीट काम करत होता. मग जॉबर बदलला. नव्याने विचारलं, "याला दिवसपाळीच का?" उत्तर द्यायला कुठे काही लिहिलेलंच नव्हतं. महिन्याभरात तो माणूस पुन्हा रातपाळीत, मशीनवर.

मी यातून एवढंच घेतलं, की साहेब चांगला असणं ही सोय नव्हे, ते नशीब झालं.

पुढची नोकरी लोअर परळला लागली, जुन्या गिरणीच्याच आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. ऑफर हातात आल्यावर मी आजार सांगितला आणि सोबत एक पानी अर्ज दिला. वर डॉक्टरांचं पत्र. खाली चार मागण्या. रात्री नऊनंतर काम नको. मार्चअखेरीला मी सकाळी सातला येईन. बसायची जागा जिन्यापासून आणि काचेच्या दारापासून लांब हवी. शेजारच्या दोघांना फिट आल्यावर काय करायचं ते शिकवू द्या. फिटच्या दुसऱ्या दिवशी घरून काम. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी दोन तास उशीर, हे साहेबांनी हसत स्वतःच्या हाताने जोडलं, तेही लालबागचेच! सगळ्याचा खर्च शून्य रुपये. एचआरने सही-शिक्क्यानिशी उत्तर दिलं. त्यानंतर तीन साहेब बदलले, कागद तोच आहे.

याला कायद्याचा आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 सालचा. तो 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्यात 'रीझनेबल अकोमोडेशन' हा शब्द आहे. आपण त्याला वाजवी सोय म्हणू: समोरच्यावर अवाजवी भार न टाकता केलेला, गरजेपुरता बदल. कलम 20 नुसार सरकारी आस्थापनेने ही सोय द्यायची आहे, आणि नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कुणाला काढता येत नाही. खाजगी कंपनीला कलम 21 नुसार समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर काय सोयी मिळतील आणि कुणाशी बोलायचं, हे त्यात हवं.

अडचण अशी, की कायद्याच्या यादीतल्या 21 प्रकारांत एपिलेप्सीचं नाव नाही. म्हणून "तुमचं सर्टिफिकेट किती टक्क्यांचं?" असा प्रश्न येतो. त्यावर विकास कुमार विरुद्ध यूपीएससी हा 11 फेब्रुवारी 2021 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवा. लिहिताना हात आखडण्याचा त्रास असलेल्या त्या उमेदवाराला 40 टक्क्यांची अट दाखवून लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने म्हटलं, वाजवी सोय फक्त 40 टक्केवाल्यांपुरती नाही. तो खटला परीक्षेचा होता, एपिलेप्सीचा नव्हता. पण अर्जात त्याचा उल्लेख केला की समोरचा खुर्चीत सरळ बसतो.

लोक लपवतात, त्यालाही कारण आहे. 1999 पर्यंत हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणाऱ्या फिटचा उल्लेख वेडाच्या झटक्यांच्या शेजारी होता. कायद्यातून तो शब्द गेला. बघायच्या कार्यक्रमातून अजून जायचाय. म्हणून सगळ्यांनी सगळीकडे सांगावं, असं मी म्हणणार नाही. ज्याच्यावर घर चालतं त्याने आपला वेळ आपण ठरवावा. पण सांगाल तेव्हा आजाराची कहाणी थोडक्यात सांगा, आणि काम नीट व्हायला काय लागेल ते लिहून द्या. पोच घ्या.

एक गोष्ट मात्र मागू नये: जिथे आपल्या फिटमुळे दुसऱ्याचा जीव जाईल, असं काम. गाडी चालवणं त्यातलंच. लायसन्सच्या अर्जातही फिटबद्दल विचारतात. तिथे खरंच लिहावं.

आता तुमच्यापैकी जे साहेब झालेत त्यांच्यासाठी. फिट आली तर घड्याळ बघा. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, आजूबाजूचं टोकदार सामान हलवा. हातपाय दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा लागोपाठ दुसरी आली, तर 108 ला फोन करा. कांदा भजीसाठी ठेवा.

आणि शुद्धीवर आल्यावर त्याला पाणी द्या, रिक्षा किंवा टॅक्सीने घरी सोडा. पुढच्या आठवड्यात केबिनमध्ये बोलवाल, तेव्हा राजीनाम्याचा कागद पुढे सरकवू नका. कोरा कागद द्या आणि विचारा, "काय बदललं तर तुला इथे नीट काम करता येईल?"