खुर्ची जन्माची नव्हे, पैशाचीहि नव्हे
(खानदेशांतील शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



जळगांव-धुळ्याकडे गांवोगांव आज एकच बोलणें ऐकूं येतें: आमचें पोर परीक्षा देत आहे. कपाशी पिकविणाऱ्या, केळीच्या बागेंत राबणाऱ्या, ऐरणीवर घण घालणाऱ्या घरांतील मुलेंमुली सरकारी नोकरीसाठीं अभ्यास करितात, याचा आम्हांस आनंद आहे. पण या वाटेंत एक खड्डा आहे. तो दाखविण्यासाठींच आम्ही आज उभे आहों.

आधीं मागची गोष्ट ऐका. गांवचें दप्तर पूर्वीं कुळकर्ण्याच्या घरीं असे आणि बापामागें तें मुलाकडे जाई. आपल्या नांवावर काय लिहिलें, तें निरक्षर कुणब्यास कळत नसे. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून असल्या कारभाराचें पितळ उघडें पाडलें. शाहू महाराजांनीं १९०२ सालीं कोल्हापूर संस्थानांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठीं राखल्या, आणि १९१८ सालीं कुळकर्णी वतनें मोडून पगारी तलाठी नेमले. आपला खानदेश ज्या मुंबई राज्यांत होता, तेथें हीं वतनें १९५० च्या कायद्यानें गेलीं.

म्हणजे ही खुर्ची जन्माच्या मुठींतून सोडवून परीक्षेच्या हातीं देण्यास पिढ्या खर्ची पडल्या. आतां ती दलालाच्या हातीं जाऊं द्यावयाची काय?

दलाल म्हणतो, “इतके लाख द्या, यादींत नांव लावतों.” आणि शहाणासुरता बाप शेत गहाण टाकावयास निघतो! बाबांनो, २०१८ च्या दुरुस्तीनंतर लांच देणाराहि सात वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र आहे. शेत जाईल, पैसा जाईल, पोर कोर्टाच्या पायऱ्या झिजवील. आणि समजा, जागा मिळाली, तरी ज्यानें खुर्ची विकत घेतली तो तिची किंमत कोणाकडून वसूल करील? सातबाऱ्यासाठीं दारांत उभ्या राहिलेल्या तुमच्याआमच्याकडूनच ना?

आतां हिशेब ऐका. २०२३ सालीं तलाठ्याच्या ४,६४४ जागांची जाहिरात निघाली. अर्ज आले दहा लाखांवर. एका जागेमागें दोनशेंहून अधिक उमेदवार! एका घरीं पेढे वांटले गेले, तर दोनशें घरांस रित्या हातानें परतावें लागलें. त्या मुलांच्या अंगीं खोट होती असें नव्हे. जागाच तेवढ्या होत्या.

म्हणून आमचें सांगणें असें. किती वर्षें आणि किती पैसा या कामीं घालावयाचा, तें घरच्यांनीं मुलाबरोबर बसून आधींच ठरवावें. त्या भरतीस वयाची मर्यादा होती. पण मर्यादा आहे म्हणून तोंवर वाट पाहणें शहाणपणाचें नव्हे. अभ्यासाबरोबर शेताचा किंवा धंद्याचा हात सोडूं नये. जातीचा दाखला, जातपडताळणी आणि लागत असल्यास नॉन-क्रिमिलेयर दाखला जाहिरातीपूर्वींच तयार ठेवावा. कागदावांचून हुशारी फुकट जाते. पुण्याच्या खर्चाच्या शिकवणीस धांवण्याआधीं बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या मोफत शिकवणीची चौकशी करावी. गांवांतील पांच-सात मुलांनीं एकत्र बसून वाचावें.

आणि मुलींस मागें ठेवूं नका. राज्याच्या नोकऱ्यांत स्त्रियांसाठीं शेंकडा ३० जागा राखीव आहेत. मुलाच्या शिकवणीस पैसा निघतो, तर मुलीच्या पुस्तकांसाठींहि निघालाच पाहिजे.

तलाठ्यास २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नांव बदललें, काम तेंच. उद्यां तुमचें पोर त्या खुर्चीवर बसेल, तेव्हां दारीं आलेल्या म्हाताऱ्यास “बाबा, बसा” म्हणून त्याचा उतारा वाचून दाखवील, तरच वाडवडिलांच्या कष्टाचें चीज झालें असें आम्ही समजूं.