देवगिरीचे ताल आणि पॅरिसचा संगीतकार



पाश्चात्त्य संगीतावर व्याख्यान म्हटले की आपल्याकडील श्रोता विचारतो, ‘त्याचे आपल्याला काय?’ प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तरासाठी आम्ही आज ऑलिव्हिए मेसियाँ या फ्रेंच संगीतकाराचे चरित्र निवडले आहे.

मेसियाँ १९०८ साली आव्हिन्यों येथे जन्मला. वडील शेक्सपिअरचे भाषांतरकार, आई सेसिल सोव्हाज कवयित्री. अकराव्या वर्षी तो पॅरिसच्या प्रसिद्ध संगीत विद्यालयात दाखल झाला. १९३१ साली तेथील त्रिनिते चर्चमध्ये त्याला ऑर्गनवादकाची जागा मिळाली, आणि १९९२ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे साठांहून अधिक वर्षे, ती त्याने सांभाळली. तो निष्ठावंत कॅथलिक होता.

तरुणपणी एका फ्रेंच संगीतकोशात त्याला एक कोष्टक सापडले. ते होते शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तील १२० देशी तालांचे. हा शार्ङ्गदेव आपल्याला परका नाही. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आले. तो स्वतः तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी जमाखर्चाचा अधिकारी होता. आज ज्या जागेला आपण दौलताबाद म्हणतो, तेथे मांडलेला हा काळाचा हिशेब सातशे वर्षांनी पॅरिसच्या एका विद्यार्थ्याच्या हाती पडला.

त्याला त्यात काय दिसले? युरोपातील संगीत बहुधा समान मात्रांच्या गटांत चालते. या तालांत लहानमोठ्या मात्रा विषम रीतीने एकापुढे एक येतात. ‘ढेंकी’ हा ताल घ्या : गुरु, लघु, गुरु. शाळेत वृत्ते शिकलेल्यांनी हा र-गण लगेच ओळखला असेल. तो उलट वाचला तरी तसाच राहतो; ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य राहते तसा. ज्या लयीला पुढे आणि मागे हा भेदच नाही, तिच्यात काळ जणू थांबतो, असे मेसियाँला वाटले. अनंतकाळावर श्रद्धा ठेवणाऱ्या माणसाला हवे होते ते हेच.

या विचाराची कसोटी युद्धात लागली. १९४० साली तो जर्मनांच्या हाती सापडला आणि ग्योर्लिट्झच्या युद्धकैद्यांच्या छावणीत गेला. बंदिवानांत एक व्हायोलिनवादक, एक क्लॅरिनेटवादक व एक चेलोवादक होता. एका जर्मन पहारेकऱ्याने कागद-पेन्सिली मिळवून दिल्या. १५ जानेवारी १९४१ रोजी, कडाक्याच्या थंडीत, कैदी आणि अधिकारी यांच्यासमोर ‘काळाच्या अंतासाठी चतुष्क’ प्रथम वाजले. पियानोवर स्वतः मेसियाँ होता.

त्याच्या पहिल्याच भागात पियानोची लय रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या तीन देशी तालांतून जुळवली आहे. तिच्यात १७ कालमाने आहेत. त्यांवर २९ स्वरसमूहांची माळ फिरते. १७ दात्यांचे एक चाक आणि २९ दात्यांचे दुसरे, अशी कल्पना करा. ती मूळ जागी पुन्हा एकत्र यायला ४९३ दाते सरावे लागतात, आणि रचना त्याआधीच संपते. श्रोत्याला एका अखंड फेऱ्याचा थोडासा तुकडा तेवढा ऐकू येतो. जेथे कैदी दिवस मोजत होते, तेथे या माणसाने मोजता न येणाऱ्या काळाचे संगीत लिहिले!

सुटकेनंतर तो आपल्याच जुन्या विद्यालयात शिक्षक झाला. बुलेझ, श्टॉकहाउझेन, झेनाकिस यांनी त्याच्याजवळ शिक्षण घेतले. पुढे त्याने रानोमाळ हिंडून पक्ष्यांचे आवाज टिपले व त्यांतून पियानोसाठी तेरा रचनांचा ‘पक्षिकोश’ केला. १९४९ साली बोस्टन येथे प्रथम वाजलेल्या दहा भागांच्या त्याच्या महान सिंफनीचे नाव तर ‘तुरंगलीला’ असे संस्कृतच आहे.

आता आपल्यातील जाणकार म्हणतील, ‘ज्याला ठेका नाही, आवर्तन नाही, सम नाही, तो ताल कसला? त्याने पुस्तकातले आकडे तेवढे उचलले.’ आक्षेप खरा आहे. मेसियाँ कोणा पखवाजियाच्या समोर बसून हे शिकला नव्हता. त्याचे ताल आपल्या मैफलीत शोभणार नाहीत. पण आपल्या मैफलीत तरी त्या १२० पैकी किती उरले आहेत? बहुतेकांची नावेही आपण विसरलो. ग्रंथ आपण पूज्य मानला आणि मिटून ठेवला. त्याने तो वापरला. वापरताना त्याचे रूप पालटले, हे मान्य. परंतु वारसा नुसता जपल्याने जिवंत राहत नाही. कोणीतरी आपल्या गरजेसाठी त्याच्याशी झटावे लागते.

‘त्याचे आपल्याला काय?’ या प्रश्नाचे आमचे उत्तर एवढेच. ते चतुष्क एकवार ऐका. आणि ऐकून झाल्यावर ‘संगीतरत्नाकरा’चा तालाध्याय उघडा. आपल्याच घरातील कोणती दारे आपण बंद ठेवली आहेत, हे कधीकधी परक्या पाहुण्याने टकटक केल्यावरच कळते.