सशाशी मैत्री करण्याआधी



शाळेत एखाद्या मुलाने टोपलीतून ससा आणला, की काय होते ते आपल्यातल्या गुरुजनांना सांगायला नको. तास मोडतो, पोरे भोवती जमतात आणि तो पांढरा जीव या मांडीवरून त्या मांडीवर फिरू लागतो. मग कोणीतरी म्हणते, "गुरुजी, बघा ना, किती गरीब आहे! हलतसुद्धा नाही." आज मला त्या न हलण्याबद्दलच आपल्याशी बोलायचे आहे.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना वडिलांनी शहरातून एक ससा आणला होता. चैत्र महिना, वर पत्र्याचे छप्पर. आम्ही भावंडांनी त्याला कोंबड्यांच्या डालग्याखाली ठेवला आणि दिवसभर पाळीपाळीने बाहेर काढून कुरवाळला. तो गुपचूप बसे. आम्हाला वाटे, माणसाळला. तिसऱ्या दिवशी त्याने खाणे सोडले. आम्ही दूधभाकरी पुढे केली, तिला तो तोंड लावीना. चौथ्या दिवशी सकाळी डालगे उचलले, तर तो थंडगार पडलेला. दृष्ट लागली, असे घरात ठरले. आज कळते, की दृष्ट नव्हे; उन्हाचा तडाखा होता, धास्ती होती, आणि आम्ही होतो.

आपल्या भाषेत 'ससेहोलपट' असा शब्द आहे. कुत्री मागे लागलेल्या सशाचे जे होते, ते त्या शब्दात आहे. ज्याला कोल्हा, रानमांजर, घार सगळेच खातात, असा हा प्राणी. पळायला वाट असली तर पळतो, आणि वाट नसली तर जागच्या जागी गोठतो. मांडीवर न हलणारा ससा पुष्कळदा असा गोठलेला असतो. त्याला उताणा धरला की तो निपचित पडतो, तेही सुखाने नव्हे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने वरचे, मागचे त्याला दिसते. वरून येणारा हात आणि वरून येणारी घार यांत तो फरक करीत नाही. नेमके नाकापुढचे मात्र त्याला नीट दिसत नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण आपल्याकडे ती दरसाल घडते. माघ-फाल्गुनात शाळू काढताना धसकटांत सशाचे पिल्लू सापडते, आणि पोरे ते उचलून घरी आणतात. हा रानससा. बाजारात मिळतो तो पाळीव ससा निराळा. त्याचा मूळ वंश युरोपातला, बिळात राहणारा. पाळीव सशाची पिल्ले उघडी, आंधळी जन्मतात; रानसशाची पिल्ले केसाळ आणि डोळे उघडलेली. त्यांची आई त्यांना टाकून गेलेली नसते. शिकारी प्राण्याला माग लागू नये म्हणून ती दिवसभर दूर राहते आणि अंधार पडला की पाजायला येते. तेव्हा ते पिल्लू होते तिथेच राहू द्यावे. विळा जवळ आला असेल तर दोन पावलांवर आडोशाला सरकवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानससा पकडायला आणि पाळायला मनाई आहे, आणि तो घरात फारसा जगतही नाही.

आता पाळीव सशाचे. त्याच्यासाठी जे सामान जमवायचे, ते ससा घरी येण्याच्या आधी जमवायचे. आपण करतो उलटे: ससा आधी आणतो आणि पिंजरा शोधत मग फिरतो.

पहिली वस्तू म्हणजे लपायची जागा. यासाठी माझ्या मते फुटक्या माठासारखी दुसरी वस्तू नाही. गळा फुटलेला मोठा माठ घ्यावा, आडवा करावा, मागच्या बाजूला ससा सहज निघेल एवढे दुसरे भोक पाडावे आणि कडा दगडावर घासून गुळगुळीत कराव्यात. दोन तोंडे हवीतच. एकच तोंड असले की तो सापळा होतो, हे सशाला आपल्यापेक्षा बरे कळते. वरून गोणपाट टाकावे. उन्हाळ्यात तेच गोणपाट ओले केले की माठ आतून गार राहतो. आणि बरे का, माठात गेलेल्या सशाला हात घालून बाहेर ओढायचे नाही. हा नियम मी वर्गात फळ्यावर लिहून ठेवला आहे. ससा आपल्याजवळ यावा असे वाटत असेल, तर त्याला आपल्यापासून दूर जाता आले पाहिजे.

दुसरी वस्तू गवत. गाजर नव्हे! चित्रांतल्या सशाच्या हातात गाजर असते म्हणून आपण गाजरे आणतो. पण गाजर गोड, ते बोटाच्या पेराएवढे, कधीमधी. सशाचे दात जन्मभर वाढतात, आठवड्याला दोनेक मिलिमीटर, आणि ते झिजतात गवत चावूनच. त्याचे आतडेही सारखे गवत मिळाले तरच चालते. रोज त्याच्या अंगाएवढा सुक्या गवताचा ढीग पुढे असावा. बांधावरचे पवना, मारवेल उत्तम. कुसळी गवत नको, त्याची कुसळे तोंडात रुततात. बुरशी आलेले नको. आणि कपाशीवर फवारणी झाली असेल, तर त्या बांधाचे गवत मुळीच नको. यात हयगय करू नये. धोतरा, रुई, कण्हेर, घाणेरी, बेशरम यांचा पाला विषारी आहे, हे मुलांना झाड दाखवून सांगावे. लसूणघास पिल्लांना चालतो, मोठ्या सशाला थोडाच द्यावा. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा नि गाजराचा पाला स्वच्छ धुऊन मूठभर द्यावा. जाधववाडीच्या मंडईत हा पाला पायदळी जातो, विकत घ्यायचीही गरज नाही. भाकरी, बिस्कीट, दूध, कांदा, बटाटा नको.

बाकीचे सामान थोडके. पाण्याला मातीचे जड परळ, म्हणजे कलंडत नाही. एक जुने घमेले: ससा विधीसाठी कोपरा ठरवून घेतो, त्या कोपऱ्यात घमेले ठेवून गवत पसरले की तो आपणहोऊन तिथेच जाऊ लागतो. स्वतःची मऊ लेंडी तो खाताना दिसला तर मुलांना "शी!" म्हणू देऊ नये, ते त्याचे दुसऱ्यांदा केलेले जेवणच असते. तारेच्या जाळीवर त्याचे पाय सोलतात, म्हणून खाली पोते. विजेच्या वायरी वर बांधाव्यात. रात्री मांजर, मुंगूस, कुत्रा यांच्यापासून बंदोबस्त. आणि शेवटी एक सतरंजी. ही सशासाठी नव्हे, आपल्यासाठी.

ही सतरंजी माठापासून चार हातांवर अंथरावी आणि रोज सकाळी किंवा दिवस मावळताना, म्हणजे ससा जागा असतो त्या वेळी, तिच्यावर अर्धा तास बसावे. पुस्तक वाचावे, शेंगा फोडाव्यात, वाटल्यास हळू आवाजात धडा म्हणावा. सशाकडे टक लावून पाहू नये. जवळ कोथिंबिरीची काडी ठेवावी. पहिले काही दिवस काहीही घडणार नाही, आणि मुलांना हेच सर्वांत अवघड जाते. मग तो मान बाहेर काढील, काडी ओढून आत नेईल. पुढे केव्हातरी आपल्या भोवती फिरेल, हनुवटी घासेल. मागचा पाय जमिनीवर आपटला तर तो धोक्याची सूचना देतो आहे असे समजावे. कुशीवर पाय पसरून पडला, तर तो निर्धास्त आहे. हात लावायचा तो कपाळावर, बाजूने नेऊन. उचलायचा प्रसंग आलाच तर एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. कान धरून कधीही नाही. त्याची हाडे हलकी नि मागचे पाय जबर. अधांतरी झटका दिला तर स्वतःचाच कणा मोडून घेतो.

उन्हाचे थोडे सांगितले पाहिजे. संभाजीनगरचा पारा वैशाखात चाळीसच्या वर जातो, आणि सशाला तीसच्या पुढेच त्रास सुरू होतो. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो कानांवाटे बाहेर टाकतो. पत्र्याखाली ठेवूच नये. धापा टाकू लागला, लाळ गळू लागली, तर सावलीत आणून कान ओल्या फडक्याने पुसावेत. अंगावर गार पाणी ओतू नये. आणि बारा तास काही खाल्ले नाही, तर उद्या बघू न म्हणता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. त्याच दवाखान्यात नर की मादी हेही पाहून घ्यावे. दुकानदार जोडी गळ्यात मारतो; महिन्याने पिल्ले होतात आणि मादी लगेच पुन्हा गाभण राहते.

गुरुजनांना एक विचारतो: दिवाळीच्या आणि मेच्या सुटीत ससा कोणाच्या घरी राहणार? ससा आठ-दहा वर्षे जगतो. चौथीतल्या मुलाने आणलेला ससा ते मूल बारावीला जाईपर्यंत असतो. या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर माठ आणू नये आणि ससाही आणू नये.

आमच्या शाळेत गेल्या पावसाळ्यात एक ससा आला. मी मुलांना पाळ्या लावून दिल्या, सतरंजीवर एका वेळी दोघेच. दहा दिवस कोणाला शेपटीसुद्धा नीट दिसली नाही. दोन मुले कंटाळून पाळी सोडून गेली. अठराव्या दिवशी मी हजेरीपट भरीत बसलो होतो. तो माठातून निघाला, माझ्या वहाणेचा अंगठा हुंगला, त्याला हनुवटी घासली, आणि परत जाऊन माठाच्या तोंडाशी कुशीवर पडला. सतरंजीवरच्या दोघांनी तोंडावर हात ठेवले होते.