अग्नी-५ आणि निर्णयासाठी मिळणारा वेळ



आपल्या कार्यक्रमांत डॉ. एपीजे अब्दुल कलामांचा फोटो असतो, त्यांच्याविषयी चार गौरवाचे शब्द निघतात आणि आपण पुढे जातो. त्यांनी नेमके काय बनवले, यावर फारसे बोलणे होत नाही. घरचेही बजावतात, "क्षेपणास्त्रं, अणुबॉम्ब असल्या विषयांत पडू नकोस, उगाच कोणी भलता अर्थ काढेल." मला हे पटत नाही. पैसा आपल्या सगळ्यांचा आहे आणि जीवही आपल्या सगळ्यांचे आहेत.

कलाम प्रकल्प संचालक असताना, १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचवला. २२ मे १९८९ रोजी चांदीपूरहून पहिले अग्नी उडाले. त्याचा पहिला टप्पा एसएलव्ही-३ चाच होता, घन इंधनाचा. दुसरा 'पृथ्वी'वरून घेतलेला, द्रव इंधनाचा. हाताशी असलेले भाग जोडून केलेला प्रोटोटाइप! आम्ही सॉफ्टवेअरवाले आजही हेच करतो.

पुढे द्रव इंधन गेले. १९ एप्रिल २०१२ रोजी चाचणी झालेल्या अग्नी-५ चे तिन्ही टप्पे घन इंधनाचे आहेत आणि पल्ला ५००० किलोमीटरहून अधिक. पाकिस्तानसाठी एवढ्या पल्ल्याची गरज नाही. तो चीनसाठी आहे. २०१५ मध्ये ते बंद कॅनिस्टरमधून डागले गेले, म्हणजे ट्रकवरून कुठेही नेऊन लवकर डागता येते. मार्च २०२४ मध्ये एकाच क्षेपणास्त्रातून अनेक अस्त्रे वेगवेगळ्या लक्ष्यांवर सोडण्याची चाचणी झाली.

इंजिनिअर म्हणून हे सगळे मला भुरळ घालते. पण एक गोष्ट टोचते. तयारीला लागणारा वेळ कमी होतो, तसा माणसाला विचार करायला मिळणारा वेळही कमी होऊ शकतो.

२६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत यंत्रणेने अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रे येत असल्याचे दाखवले. ड्यूटीवरच्या स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांनी तो इशारा खोटा मानला. उपग्रहाला ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश दिसला होता. प्रॉडक्शनमध्ये खोटा अलर्ट काय असतो, हे आमच्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. आमचा फार तर सर्व्हर पडतो.

आपल्याकडेही ९ मार्च २०२२ रोजी एक ब्राह्मोस चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ पडले. ते अण्वस्त्र नव्हते, कोणी दगावले नाही. ठरलेली कार्यपद्धती पाळली नाही म्हणून हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले. दोन्ही बाजूंनी संयम राखला, म्हणून तेवढ्यावर निभावले.

म्हणूनच ४ जानेवारी २००३ रोजी जाहीर झालेले 'प्रथम वापर नाही' हे धोरण मला क्षेपणास्त्राइतकेच मोलाचे वाटते. काहींना ते भाबडे वाटते. मला ते पक्के इंजिनिअरिंग वाटते. आपली अस्त्रे पहिला घाव सोसूनही शिल्लक राहतील, एवढी खात्री शत्रूला असली की पुरे. मग रडारवर ठिपका दिसताच काही मिनिटांत बटण दाबायची सक्ती उरत नाही. रासायनिक किंवा जैविक हल्ल्याचा अपवाद त्यात ठेवला आहे, तो वादाचा आहे, पण गाभा शाबूत आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह पोखरणला म्हणाले की हे धोरण आजवर पाळले, पुढे काय होईल ते परिस्थितीवर अवलंबून. धोरण औपचारिकरीत्या बदललेले नाही. ते बदलायचे असेल, तर आधी संसदेत खुली चर्चा व्हावी, असे माझे मत आहे. तुम्हाला काय वाटते? माइक आता तुमच्याकडे.