निवडणुकीचे इंग्रजी आणि गावचा मतदार
(रेडिओवरील भाषण)

शिरूर तालुक्याच्या पूर्व भागात, भीमाकाठच्या उसाच्या पट्ट्यात वसलेल्या मांडवगण फराटा या गावी निवडणुकीच्या हंगामात एखाद्या चहाच्या दुकानी घटकाभर बसावे, म्हणजे ज्याने उभ्या जन्मात इंग्रजी बुक हाती धरले नाही असा गृहस्थही पॅनल, लीड, डिपॉझिट, क्रॉस, बूथ, बोगस, राउंड या शब्दांची अशी सराईत पेरणी करीत बोलताना आढळतो, की नवख्या पाहुण्याने थक्क व्हावे. ‘आमच्या वस्तीनं लीड दिलं’, ‘पॅनल बसलं, पण क्रॉसनं दोन जागा गेल्या’, ‘त्याचं डिपॉझिट गुल झालं’ ही वाक्ये कोणत्याही कोशकाराने निःशंकपणे मराठीच्या खाती जमा करावीत. नदीच्या अलीकडे शिरूर आणि पलीकडे दौंड. लोकसभेला अलीकडचा मतदार शिरूर मतदारसंघात मोडतो आणि पलीकडचा बारामतीत. परंतु निवडणुकीची ही बोली दोन्ही तीरांवर एकच आहे.

तसे पाहता इंग्रजी येण्यापूर्वीच या व्यवहाराला लागणारे पुष्कळ शब्द आपल्या दप्तरात सिद्ध होते. उमेदवार, अनामत, हरकत, मुदत, जाहीरनामा ही फारसी-अरबी परंपरेतून आलेली मंडळी कचेरीत आधीच स्थानापन्न झालेली होती. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव 1882 साली झाला, 1884 साली मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा आला, आणि निवडणूक नावाची वस्तू तालुक्याच्या गावी प्रथम दिसू लागली. मात्र ती मोजक्या सारा भरणाऱ्यांपुरती होती. सर्वांच्या हाती मत आले ते 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. प्रत्येक उमेदवाराची पेटी त्या वेळी निराळी असे, आणि ज्याच्या पेटीवर आपले चिन्ह दिसेल तीत कागद टाकला, की मतदाराचे काम संपे. अक्षरओळख नसली तरी अडत नसे.

आता ‘पॅनल’ हाच शब्द घ्या. लोकसभेला किंवा विधानसभेला आपल्याला एकच मत, तेव्हा तेथे हा शब्द जन्मासच येता ना. परंतु सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुकीत, मग तो न्हावऱ्याचा घोडगंगा असो की पाटसचा भीमा, सभासदाला एकाच वेळी अनेक जागांसाठी शिक्के मारावे लागतात; साहजिकच इच्छुकांनी आपली मोट बांधून मते एकगठ्ठा मागायची, आणि सभासदाने मनात येईल तर त्या मोटेतील एखाद्याला वगळून समोरच्यातील एखादा उचलायचा, असा खेळ सुरू होतो. पहिल्याचे नाव पॅनल आणि दुसऱ्याचे क्रॉस. इंग्रजांच्या न्यायालयात पॅनल म्हणजे पंचांची नावे लिहिलेली चर्मपत्राची पट्टी. अशा निवडणुकीतील जुटीला तो शब्द लावण्यात चातुर्य आहे आणि मला ते मान्य आहे. शुद्धिवाद्यांनी येथे उगाच कष्टी होऊ नये.

उलटपक्षी काही ठिकाणी आपला शासकीय शब्द मूळ इंग्रजीहून सरस ठरला आहे. ‘रिटर्निंग ऑफिसर’ या नावाचा उलगडा खुद्द इंग्रजालाही इतिहासात शिरल्यावाचून व्हायचा नाही: राजाकडून निवडणुकीचा हुकूम यायचा, आणि परगण्याचा शेरीफ निवडून आलेल्याचे नाव लिहून तो हुकूम परत पाठवायचा, म्हणून तो ‘परत करणारा’. आपण त्याला ‘निवडणूक निर्णय अधिकारी’ म्हटले आणि पाटीवरूनच त्याचे काम समजले.

परंतु माझी खरी तक्रार निराळी आहे. गावात रुजलेली ही सारी शब्दसंपदा उमेदवाराची आहे, मतदाराची नाही. लीड त्याचे, पॅनल त्याचे, डिपॉझिट त्याचे. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न पडल्यास अनामत जप्त होते, हा हिशेब पारावरचे पोरही तोंडपाठ सांगेल. मतदाराच्या स्वतःच्या हक्काचे रक्षण करणारा शब्द मात्र त्याला कोणी शिकविलेला नाही.

समजा, एखादी वृद्धा उन्हातून चालत शाळेतल्या केंद्रावर येते. चिठ्ठी दाखविते. यादीवर बोट फिरविणारा म्हणतो, ‘आजी, तुमचं मत तर झालंय.’ ती बिचारी आपलेच काही चुकले असे समजून माघारी वळते. वास्तविक कायद्याने तिला तेथेच मत देता येते. केंद्राध्यक्षाने विचारलेल्या प्रश्नांना तिने समाधानकारक उत्तरे दिली आणि तिची ओळख पटली, की यंत्राऐवजी तिला कागदी मतपत्रिका द्यावी लागते. ती सही किंवा अंगठा करते, आपल्या उमेदवारासमोर शिक्का मारते, आणि तो कागद वेगळ्या लिफाफ्यात बंद होतो. याला इंग्रजीत ‘टेंडर्ड व्होट’ म्हणतात. आता आमच्या मुलखात टेंडर म्हणजे रस्त्याचे किंवा पाझर तलावाचे कंत्राट. तेव्हा टेंडर व्होटाचे नाव काढल्यास ऐकणाऱ्याने भलताच अर्थ घ्यावा, यात नवल ते काय! आणि मराठी पुस्तिकेत त्याला नाव दिले ‘प्रदत्त मत’. व्याकरणदृष्ट्या निर्दोष, परंतु आजींच्या उपयोगाचे शून्य.

त्याचे भावंड ‘आक्षेपित मत’. समोर आलेला इसम तोतया आहे असा संशय आल्यास पोलिंग एजंटाने दोन रुपये भरून हरकत घ्यावी, केंद्राध्यक्षाने तेथल्या तेथे चौकशी करावी, अशी ही तजवीज आहे. जुन्या कचेरीतल्या कारकुनाने त्याला ‘हरकतीचे मत’ म्हटले असते आणि सारे गाव समजले असते.

प्रदत्त मते नेहमीच्या मोजणीत धरली जात नाहीत, हे खरे. तरीही त्यांना क्षुल्लक मानू नये. 2008 साली राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी अवघ्या एका मताने पराभूत झाले, तेव्हा अशा बंद लिफाफ्यातील मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. आणि ग्रामपंचायतीच्या वॉर्डात एक-दोन मतांनी जागा इकडची तिकडे होते, हे तर मांडवगणच्या लोकांना मी सांगावयास नको.

तेव्हा गावोगावच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती एवढीच, की पुढच्या खेपेस घरोघर चिठ्ठ्या वाटताना चिन्हाबरोबर आणखी एक गोष्ट सांगा: नावावर दुसऱ्याने मत टाकले असेल तर परत फिरू नका, खोलीतील केंद्राध्यक्षासमोर उभे राहा, आणि ‘माझं मत मी दिलेलं नाही, मला कागद द्या’ असे स्पष्ट म्हणा. प्रदत्त हा शब्द आठवला नाही तरी चालेल.