सही केली म्हणजे संमती दिली?

(कार्यकर्त्यांच्या बैठकीतील मांडणीचा संक्षेप)



वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय काढला की कुणीतरी म्हणतं, "हा पैसेवाल्या बायकांचा प्रश्न." पण 'मुलगी जाड आहे' म्हणून नकार देणारी स्थळं सगळ्याच थरांत आहेत. मधुमेह, रक्तदाब असलेल्या काहीजणींना या शस्त्रक्रियेचा खरोखर उपयोग होतो. त्यामुळे आपला विरोध शस्त्रक्रियेला नाही. त्या बाईला आधी काय सांगितलं जातं, हा आपला प्रश्न आहे.

'स्लीव्ह' शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग कापून काढतात. तो परत मिळत नाही. शिवलेल्या जागेतून गळती होऊ शकते, रक्ताची गुठळी फुफ्फुसात जाऊ शकते. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. निदान वर्षभर गर्भधारणा टाळावी लागते. लग्न जमावं म्हणून टेबलावर जाणाऱ्या मुलीला हे कोण सांगतं?

आणि काही बिघडलं, तर "तूच सही केलीस ना?" असं तिलाच ऐकवतात.

कायदा असं म्हणत नाही. दिल्लीच्या समीरा कोहली यांनी 1995 मध्ये दुर्बिणीतून तपासणीसाठी संमती दिली होती. त्या भुलीखाली असताना आईची सही घेऊन त्यांचं गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सज्ञान बाईची संमती तिचीच हवी, आईची चालत नाही. उपचार काय, धोके कोणते, दुसरे पर्याय कोणते, हे आधी सांगायला हवं. नुकसानभरपाई मात्र मिळाली 25,000 रुपये! जीव वाचवण्याची तातडी असेल तर गोष्ट वेगळी. पण वजनाची शस्त्रक्रिया बहुधा ठरवून होते. म्हणजे समजावून सांगायला वेळ असतोच.

डॉक्टरांना न्यायालयात जाब विचारणं पुण्याला नवं नाही. 1953 मध्ये पुण्यातल्या एका दवाखान्यात पाय मोडलेला तरुण मुलगा दगावला. वडील गोडबोले लढले आणि 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकले. डॉक्टरने वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, हे त्या निकालात आहे. अशी पंधरा वर्षं किती बायकांना परवडतील? 1995 च्या निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली, म्हणून वाट थोडी सोपी झाली. जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, ती रुग्णालयं मात्र त्यातून वगळली आहेत.

प्रत्येक गुंतागुंत म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, हेही बाईला स्पष्ट सांगा. खोटी आशा दाखवू नका. आधी कागद मिळवा. केसपेपर लेखी मागितले की 72 तासांत द्यावे लागतात. संमतीपत्र कोणत्या भाषेत आहे, त्यावर तारीख-वेळ काय, सही कुणाची, ते पाहा. जाहिरातीचं पत्रक, पावत्या जपा. दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत घ्या. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं. 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. डॉक्टरच्या नोंदणीबद्दलची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करायची.

पण खरं काम ऑपरेशनच्या आधीचं आहे. सल्ल्याला जाणाऱ्या बाईबरोबर आपल्यापैकी एकीने जावं, प्रश्न लिहून न्यावेत, संमतीपत्र घरी आणून मराठीत वाचावं. आणि त्यातला पहिला प्रश्न तिलाच विचारावा: हे तुला हवंय, की तुझ्या घरच्यांना?